नांगर रात्री घसरतो: कोकण किनाऱ्यावर मुक्काम करणाऱ्या शिडाच्या बोटींसाठी तपासण्या

ही टिपणं मुंबई ते गोवा या पट्ट्यात ऑक्टोबर ते मे या मोसमात फिरणाऱ्या, ९ ते १३ मीटर लांबीच्या, खोल कीलच्या (कील म्हणजे बुडाखाली उतरणारा जड कणा) शिडाच्या बोटींसाठी आहेत. तक्रार नेहमी एकाच वळणाची असते. मुरूड-जंजिरा, हर्णै, जयगड, विजयदुर्ग, मालवण किंवा वेंगुर्ल्यासमोर संध्याकाळी नांगर टाकला, तो धरला असं वाटलं, आणि रात्रीतून कधीतरी सुटला. यावर पहिला उपाय म्हणून लोक मोठा नांगर विकत घेतात. तो शेवटचा उपाय असायला हवा. बहुतेक वेळा नांगर चांगलाच असतो, चूक असते ती भरतीच्या हिशेबात, नाहीतर नांगर रुतवण्याच्या घाईत.

लक्षणं

- जीपीएसवरचा माग. धरलेल्या नांगराभोवती बोट झुलते तेव्हा पडद्यावर चंद्रकोरीसारखी वळणं एकावर एक बसतात. नांगर घसरत असेल तर ही वळणं वाऱ्याच्या दिशेने मागे मागे सरकतात, किंवा माग सरळ रेषेत जातो.
- साखळीची घरघर. रोलरच्या, म्हणजे साखळी ज्यावरून बाहेर जाते त्या चाकाच्या, पुढे साखळीवर तळवा ठेवा. ती ताणली जाऊन शांत होत असेल तर ठीक. थरथर आणि मधेच हिसका लागत असेल तर फाळ, म्हणजे नांगराचं तळात शिरणारं पातं, तळावरून खरवडत चालला आहे.
- नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे किंवा प्रवाहाकडे तोंड करून राहत नाही, बोट आडवी पडते.
- खोली भरती-ओहोटीच्या हिशेबाबाहेर बदलते.
- घसरण्याची वेळ ठरलेली असते: प्रवाह उलटल्यावर, किंवा पहाटे जमिनीवरून येणारा मतलई वारा सुरू झाल्यावर. हे लक्षण नीट नोंदवून ठेवा, पुढे त्याचा फार उपयोग होतो.
- साखळी तुम्ही सोडली त्यापेक्षा जास्त बाहेर गेलेली दिसते. हा दोष नांगराचा नाही, विंडलासचा, म्हणजे साखळी सोडणाऱ्या-ओढणाऱ्या यंत्राचा आहे.

या क्षणी घसरत असेल तर

कारण शोधत बसू नका. आधी बोटीभोवती बॅटरी मारून पाण्यात दोर किंवा जाळं आहे का बघा, मग इंजिन सुरू करा. इंजिनाच्या पंख्यात दोर गुंडाळला तर हातातलं शेवटचं साधनही जातं. मागे किमान दीडशे मीटर मोकळं आणि खोल पाणी असेल तर साखळी आणखी १५ मीटर हळूहळू सोडा आणि पाच मिनिटं निरीक्षण करा. तेवढी जागा नसेल, किंवा मागे खडक, लाटा फुटणारा किनारा, दुसरी बोट असेल, तर नांगर उचलून खोल पाण्यात निघा. अंधारात गर्दीच्या बंदरात पुन्हा पुन्हा नांगर टाकण्यापेक्षा बाहेर दोन-तीन तास संथ चालत राहणं सुरक्षित असतं. मात्र बाहेर जायच्या वाटेवर डोल जाळ्यांच्या (प्रवाहात एका जागी बांधून ठेवलेल्या) ओळी असतील तर बाहेर पडण्याची रेषा उजेडातच ठरवून जीपीएसवर नोंदलेली असायला हवी. ते काम संध्याकाळचं आहे.

पहिली तपासणी: खरंच घसरतो आहे का?

याला पैसा लागत नाही, आणि बऱ्याच रात्री प्रकरण इथेच मिटतं. खोल कीलची बोट प्रवाहाच्या तालावर फिरते, तर शेजारची उथळ तळाची मासेमारी होडी वाऱ्याच्या तालावर. शिवाय होड्या आखूड दोरावर उभ्या असतात. त्यामुळे खाडीत प्रवाह उलटला की शेजारची होडी अचानक अंगावर आल्यासारखी वाटते आणि नांगर मात्र जागच्या जागी असतो.

म्हणून शेजारच्या बोटीकडे बघून निर्णय घेऊ नका. किनाऱ्यावरच्या, बोटीच्या आडव्या दिशेला असलेल्या दोन स्थिर खुणा एका रेषेत धरा: पुढे जेट्टीचा दिवा आणि मागे मंदिराचा कळस, किंवा बुरुजाची कड आणि त्यामागचा मोबाइलचा टॉवर. गावात दिवे रात्री विझतात, हॉटेलांची रोषणाई तर हमखास, म्हणून एक तरी खूण आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारी निवडा. ती रेष तुटून परत जुळत असेल तर बोट झुलते आहे. तुटून रुंदावतच गेली तर घसरते आहे.

जीपीएसचा गजर लावतानाही चूक ठरलेली असते: सगळं आवरल्यावर, बोट मागे ताणलेली असताना गजर लावला जातो. मग वर्तुळाचं केंद्र नांगरावर न राहता बोटीवर येतं आणि बोट फिरली की गजर खोटा वाजतो. दोन रात्री खोटा वाजला की लोक तो बंद करतात आणि तिसऱ्या रात्री खरंच घसरतो. नांगर तळाला टेकला त्या क्षणी जागा नोंदवा. त्रिज्या ठरवताना सोडलेल्या साखळीत नाळेपासून जीपीएसपर्यंतचं अंतर आणि चुकीसाठी आठ-दहा मीटर मिळवा. ४० मीटर साखळी आणि ११ मीटरची बोट असेल तर साधारण ६० मीटर.

दुसरी तपासणी: भरतीला साखळी पुरते का?

सर्वात जास्त नांगर इथे सुटतात, म्हणून इथे थोडं थांबू.

नांगर धरतो तो वजनामुळे कमी आणि ओढ आडवी असल्यामुळे जास्त. ओढ आडवी असली की फाळ खाली शिरतो, वरच्या दिशेने आली की दांडा उचलला जातो आणि फाळ बाहेर निघतो. ओढीचा कोन ठरतो तो साखळीची लांबी आणि नाळेपासून तळापर्यंतची उंची यांच्या प्रमाणावर. पूर्ण साखळी असेल तर किमान पाचपट, थोडी साखळी आणि पुढे दोर असेल तर सातपट. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. चुकतं ते कशाच्या पाचपट हे.

उदाहरण घ्या. विजयदुर्गला संध्याकाळी ओहोटीच्या तळाशी पोहोचलात. पृष्ठभागापासून पाणी ४ मीटर. रात्री भरतीला पाणी २.३ मीटर चढणार आहे. नाळेवरचा रोलर पाण्यापासून १.२ मीटर वर आहे. बेरीज झाली ७.५ मीटर, तिची पाचपट ३७.५ मीटर. बहुतेक जण मीटरवर ४ बघून २० ते २५ मीटर सोडतात. २५ मीटर साखळीचं प्रमाण ओहोटीला ४.८ असतं, म्हणजे संध्याकाळी सगळं छान वाटतं. भरतीला तेच ३.३ वर येतं, आणि तेवढ्यात वारा वाढला की नांगर निघतो. म्हणजे रात्री तळात काहीही बदललेलं नसतं, फक्त पाणी चढलेलं असतं.

हा हिशेब गावागणिक बदलतो, कारण उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना भरतीची उंची कमी होत जाते. मुंबईला उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या आसपास चढतं, जंजिऱ्याला तीनच्या पुढे, रत्नागिरीला अडीचच्या जवळपास, मालवण आणि गोव्याकडे साधारण दोन. गोव्यात बोट शिकलेली माणसं वर रायगडच्या किनाऱ्याला आली की याच ठिकाणी फसतात. त्या त्या बंदराचं भरतीचं कोष्टक बघा, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या पुढच्या दोन-तीन दिवसांत उधाण असतं तेव्हा एक मीटर जास्तच धरा. भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत जी जागा निर्धोक वाटली, ती उधाणाला तशी नसते.

डेप्थ मीटर कुठून मोजतो तेही एकदा नक्की करा. कोणी पृष्ठभागापासून लावलेला असतो, कोणी कीलच्या खालून. दीड-दोन मीटरचा फरक पडतो आणि पाचपट केल्यावर तो आठ-दहा मीटर साखळीचा होतो. दोराला वजन बांधून एकदा प्रत्यक्ष मोजा, दहा मिनिटांचं काम आहे. साखळीवरही दर पाच किंवा दहा मीटरला रंगाच्या खुणा असू द्या. किती साखळी गेली हे अंदाजाने सांगणारा माणूस नेहमी जास्तच सांगतो.

जास्त साखळी सोडल्यावर फिरायची जागाही जास्त लागते. हर्णैसारख्या, शेकडो होड्या उभ्या असलेल्या बंदरात ४० मीटर साखळीचं वर्तुळ बसतच नाही. अशा ठिकाणी साखळी आखडून गर्दीत घुसू नका. बाहेरच्या कडेला, थोड्या हलत्या पाण्यात का होईना, पूर्ण साखळीवर उभं राहा.

तिसरी तपासणी: नांगर रुतवला होता का?

टाकणं आणि रुतवणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. वारा किंवा प्रवाह, जो जोरात असेल त्याच्याकडे नाळ करून बोट पूर्ण थांबवा. नांगर तळाला टेकेपर्यंत सोडा, मग बोट मागे सरकू लागली की तिच्या वेगानेच साखळी सोडत जा. एकदम सोडलेल्या साखळीचा ढीग नांगरावरच पडतो, फाळाला वेटोळं बसतं आणि नंतर नांगर आडवा ओढला जातो.

पुढचं तळावर अवलंबून आहे. वाळूत लगेच रुतवता येतं: पूर्ण साखळी गेल्यावर मागचा गिअर, इंजिन मंद, एक मिनिट. मग हळूहळू मिनिटाला १५०० आणि शेवटी २००० फेऱ्यांपर्यंत नेऊन अर्धा मिनिट धरा. एकाने साखळीवर हात ठेवायचा, दुसऱ्याने किनाऱ्यावरची रेष बघायची. रेष हलली नाही तरच नांगर धरला असं म्हणा.

खाडीतल्या मऊ गाळात हीच कृती नांगर बिघडवते. जयगडपासून खाली बहुतेक खाड्यांच्या आत तळ चिखलाचा आहे. तिथे लगेच जोर लावला तर फाळ पातळ थरातून नांगरटीसारखा ओढला जातो आणि खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचतच नाही. पूर्ण साखळी सोडून वीस मिनिटं ते अर्धा तास थांबा, नांगर स्वतःच्या वजनाने बसू द्या, मग वरची कृती निम्म्या जोराने सुरू करा. ही वीस मिनिटं कोणी देत नाही, कारण तोवर सूर्य मावळतो. त्यासाठी पोहोचण्याची वेळ सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधीची ठेवा.

जोर कशासाठी लावायचा? वाऱ्याची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. १० नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वारा २० झाला की ओढ चौपट. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या तक्त्यात ३० नॉट वाऱ्यासाठी ३० फुटी बोटीला सुमारे ३२० किलो आणि ४० फुटी बोटीला सुमारे ५४५ किलो ओढ धरलेली आहे. छोट्या डिझेल इंजिनाचा मागचा जोर यापेक्षा बराच कमी असतो. जो नांगर इंजिनाच्या जोरालाच सरकतो, तो रात्री टिकण्याची शक्यता नाही.

चौथी तपासणी: तळ आणि जागा

कागदी किंवा इलेक्ट्रॉनिक नकाशावर तळाचा प्रकार अक्षरांनी दिलेला असतो, डेहराडूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयाच्या नकाशांवरही. पण गावासमोरच्या उथळ पाण्यात नोंदी विरळ असतात. दोराच्या वजनाच्या बुडाला ग्रीस थापून सोडा: वाळू चिकटून येते, चिखल माखून येतो, आणि ग्रीसवर नुसता ओरखडा आला तर खाली खडप आहे. खडकावर नांगर कपारीत अडकून घट्ट धरल्यासारखा वाटतो आणि बोट फिरली की सुटतो, नाहीतर कायमचा अडकतो. दोन्ही वाईट.

याहून चांगला नकाशा गावात असतो. जेट्टीवरच्या किंवा जवळून जाणाऱ्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, विचारा: "तांडेल, इथं तळ कसला? जाळी कुठं लागतात? रात्री होड्या कोणत्या बाजूनं निघतात?" उत्तर वावांमध्ये मिळेल, एक वाव साधारण सहा फूट. "चार वावात चिखल आहे, त्या टेकाच्या आत नको" एवढं वाक्य महागड्या उपकरणापेक्षा जास्त सांगून जातं. मालवण-तारकर्लीकडे रापण कुठे ओढतात तेही विचाराच. रापणीचं जाळं किनाऱ्यावरून अर्धवर्तुळात टाकलं जातं आणि तुमची बोट त्या वर्तुळात असली तर सगळ्या संघाची पहाट वाया जाते.

काही जागा वर्ज्य धरा. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती खडकांची दाटी आहे आणि तिथलं सागरी अभयारण्य १९८७ पासून जाहीर आहे. प्रवाळावर साखळी फिरली की वर्षानुवर्षांची वाढ एका रात्रीत भुईसपाट होते, तिथे नांगर टाकू नका. विजयदुर्ग किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली दगडी भिंत आहे. राजपुरीच्या खाडीत जंजिऱ्याकडे जाणाऱ्या पर्यटकांच्या शिडाच्या होड्या आणि पलीकडे दिघी बंदराची मोठी जहाजं, दोघांची वाट मोकळी ठेवा. गणपतीपुळ्यासमोरचा किनारा पश्चिमेला सताड उघडा आहे. दिवसा देवदर्शन करून रात्रीसाठी जयगडच्या आत जाणं शहाणपणाचं.

पर्यटन गावांसमोर आणखी एक त्रास असतो. डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटी, जेट स्की, पॅरासेलिंगच्या बोटी दिवसभर जवळून जातात आणि त्यांच्या लाटांनी साखळीला हिसके बसतात. नांगर यामुळे सहसा सुटत नाही, पण मऊ गाळात अर्धवट रुतलेला असेल तर सैल होतो. दुपारी टाकलेला नांगर सूर्यास्तानंतर, वर्दळ थांबली की पुन्हा एकदा इंजिनाने ओढून तपासा. नांगराला खुणेचा बोया बांधू नका. तो दोर कोणाच्या तरी पंख्यात जातो, किंवा कोणी त्यालाच होडी बांधतं. गावाच्या बोयाला आपली बोट बांधणंही टाळा. खाली काय आहे आणि दोर किती कुजला आहे हे वरून कळत नाही, आणि त्या बोयाचा मालक पहाटे परत येतो.

पाचवी तपासणी: वारा-प्रवाह उलटल्यावर

लक्षणांत वेळ नोंदवायला सांगितली ती यासाठी. फेब्रुवारी ते मे दुपारी वायव्येचा खारा वारा चढतो, १२ ते १८ नॉट सहज. रात्री तो पडतो आणि पहाटे जमिनीवरून मतलई सुटतो. म्हणजे रात्रीतून ओढीची दिशा जवळपास उलटी होते. खाडीत तर साधारण दर सहा तासांनी प्रवाह उलटतो. प्रत्येक वेळी नांगर एकतर तळातच वळतो, किंवा उपटून पुन्हा रुततो. पुन्हा रुतण्याच्या क्षणी फाळावर घट्ट चिखलाचा गोळा किंवा प्लॅस्टिकची पिशवी असेल तर तो रुतत नाही, नुसता सरपटतो.

हे तपासायचं तर घसरलेला नांगर वर घेताना नीट बघा. पर्यटनाच्या किनाऱ्यासमोर फाळावर काय येतं ते बघून कारण कळतं: दांड्याला गुंडाळलेला निळा नायलॉनचा तुकडा, तुटक्या जाळ्याचा गुंता, दुधाच्या पिशव्या, आणि या सगळ्यावर घट्ट बसलेला काळा चिखल, जो बादलीभर पाणी मारूनही सुटत नाही. बोथट लाकडी काठीने फाळ पूर्ण स्वच्छ करा आणि मगच पुन्हा टाका. तसाच परत सोडलेला नांगर पुन्हा घसरणार. जागा पन्नास-शंभर मीटर बदला, कचरा बहुतेकदा प्रवाहाच्या एका पट्ट्यात साचलेला असतो.

अरुंद खाडीत दुसरा नांगर प्रवाहाच्या विरुद्ध बाजूला टाकून बोट मध्ये धरता येते. प्रत्येक उलट्या प्रवाहाला एक नांगर ताणलेला राहतो, उपटून रुतायचा प्रश्न येत नाही. पण दोन्ही दोर एकमेकांत पिळले जातात, रात्री घाईने निघता येत नाही, आणि बाकीच्या बोटी मोकळ्या फिरत असताना तुमचीच एका जागी असते. उघड्या बंदरात हे करू नका.

सहावी तपासणी: साखळी, शॅकल, विंडलास

इथून खर्च सुरू होतो, तोही थोडाच. रोलरपाशी साखळीच्या एका कडीवर संध्याकाळी रंगाचा ठिपका द्या. सकाळी तो पुढे गेलेला असेल तर विंडलासचा क्लच सुटतो आहे आणि नांगर बिचारा जागेवरच आहे. क्लच घट्ट करा, पण मूळ उपाय हा की विंडलासवर ओढ राहूच देऊ नये. १० ते १२ मिमीचा, तीन पदरी नायलॉनचा ६ ते १० मीटर दोर हुकाने साखळीला लावून पुढच्या मजबूत क्लीटला (दोर बांधायच्या खुंटीला) बांधा, आणि मधली साखळी सैल सोडा. नायलॉन ताणतो, हिसका गिळतो. लाटांच्या हिसक्यांनीच नांगर सैल होत असेल तर एवढ्या दोराने काम होतं. दोर रोलरवर घासतो तिथे जाड पाइप किंवा कॅनव्हास गुंडाळा.

शॅकलची, म्हणजे साखळी आणि नांगर जोडणाऱ्या कडीची, पिन स्टेनलेस तारेने बांधलेली हवी. रोजच्या झुलण्याने पिन फिरून निघते. साखळी जुनी असेल तर नांगराकडची पहिली पाच मीटर कॅलिपरने मोजा. १० मिमीची कडी घासून ९ वर आली असेल तर तो भाग बाद. उरलेली साखळी उलटी फिरवून जोडता येते, घासणं दोन टोकांत वाटलं जातं. फिरती कडी, म्हणजे स्विव्हल, थेट दांड्याला लावू नका. आडव्या ओढीत तिची मान वाकते. मध्ये तीन-चार कड्या ठेवा, नाहीतर स्विव्हल लावूच नका.

सातवी तपासणी: नांगरच बदलायचा का?

वरचं सगळं बरोबर असूनही वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या तळावर नांगर घसरतच असेल, तरच. जुन्या बिजागरीच्या नांगराला मऊ चिखल मानवत नाही. दोन रुंद सपाट फाळांचा हलका नांगर चिखलात आणि वाळूत एका दिशेने उत्तम धरतो, पण ओढ उलटल्यावर उपटून पुन्हा न रुतण्याची त्याची खोड आहे. म्हणून खाडीत तो मुख्य नांगर नको, दुसरा म्हणून ठेवा. होड्यांवरचा चौमुखी लोखंडी नांगर खडकाळ तळासाठी आहे, चिखलात तो बोटीला धरणार नाही. खोलगट फाळाचा, वर कमान असलेला नवा प्रकार बहुतेक तळांवर लवकर रुततो. १० मीटरच्या बोटीला १५ किलो, १२ मीटरच्या बोटीला २० ते २५ किलो हा सर्वसाधारण अंदाज. बोट जड असेल तर एक पायरी वर जा. त्यासोबत साखळीही हवी: ८ मिमीची मीटरला साधारण दीड किलो, १० मिमीची सव्वादोन किलो. ५० मीटर १० मिमी साखळी म्हणजे नाळेवर ११० किलोहून जास्त वजन. बोट पुढून दबते का हे आधी बघा.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

तीन वेळा नीट रुतवूनही नांगर धरला नाही तर ती जागा सोडा. चौथा प्रयत्न थकलेल्या हातांनी आणि मावळत्या उजेडात होतो.

वारा किनाऱ्याकडे वाहतो आहे आणि २० नॉटच्या पुढे गेला, तर नांगर धरलेला असतानाच निघा. सुटल्यावर निघायला वेळ उरत नाही.

नांगर अडकला असेल तर साखळी उभी ताणून, लाटेच्या उंचावण्याने दोन-चारदा प्रयत्न करा, मग उलट दिशेने एकदा ओढून बघा. विंडलास गरम झाली किंवा मोटरला वास आला की थांबा. खाली केबल किंवा पाइप असण्याची शक्यता असेल तर अजिबात ओढू नका. साखळीला बोया बांधून सोडून द्या, जागा नोंदवा, बंदर अधिकाऱ्याला कळवा आणि उजेडात पाणबुड्या बोलवा. मालवणला स्कूबाचे प्रशिक्षित पाणबुडे आहेत. स्वतः सूर मारून खाली जाऊ नका, गढूळ खाडीत हाताला साखळी आधी लागते आणि जाळं नंतर.

नाळेवरचा रोलर वाकला, त्याच्या बुडाशी फायबरला भेग दिसली, किंवा क्लीट हलत असेल, तर हे बोट बांधणाऱ्या कारागिराचं काम आहे. वरून सिलंट भरून पुढचा मुक्काम करू नका. ओढ तिथूनच येते.

नवख्या खाडीच्या तोंडाशी, जिथे वाळूचा बार (पाण्याखालचा उथळ बांध) आहे, उदाहरणार्थ देवबागजवळ कर्लीच्या मुखाशी, आत शिरण्यासाठी गावातला तांडेल बोटीवर घ्या आणि ठरलेले पैसे द्या. बार मोसमागणिक सरकतो.

वादळाचा इशारा आला की नांगराचा विषय संपतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं, मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकलं. अशा वाऱ्यात उघड्या बंदरातला कोणताही नांगर पुरत नाही. हवामान खात्याचा इशारा येताच दोन दिवस आधी मोठ्या बंदरात किंवा खाडीत खोल आत जा आणि बोटीवर माणूस ठेवू नका.

मुक्कामाआधी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या स्थानिक बंदर कार्यालयात आणि सागरी पोलिसांकडे बोटीचं नाव, माणसं आणि किती रात्री थांबणार ते कळवा. रात्री मदत लागली तर ते तुम्हाला आधीच ओळखतात. अंधार पडल्यावर सर्व बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा वर लावलेला असलाच पाहिजे, दिवसा नाळेकडे काळा गोळा. पहाटे निघणाऱ्या होड्यांना दिवा नसलेली बोट दिसत नाही.

जिवाला धोका असेल तर बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर बोला. मोबाइलवरून तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. सांगताना क्रम हा: अक्षांश-रेखांश, बोटीचं नाव आणि रंग, बोटीवरची माणसं, लाइफ जॅकेट घातली आहेत का, मागे किती मीटरवर काय आहे, इंजिन चालू आहे का.